होळीपासून दहा पावलं

धुळवडीच्या सकाळी सातला फोन वाजला, तेव्हा शेषेराव गुडघ्याला तिळाचं तेल चोळत बसले होते. हात तेलकट. उचलावा की नको, याचा विचार त्यांनी घंटी दोनदा वाजेपर्यंत केला. एकतीस मार्चला सुटका होती. सदतीस वर्षं पोलिसात काढलेल्या सहायक फौजदाराला शेवटच्या महिन्यात चांगल्या कामासाठी कुणी फोन करत नाही.

"शेषेराव, काल तुम्ही बंदोबस्ताला बाहेर होता," ठाण्याचे साहेब म्हणाले. "इथं कंधारात पिंपळपार चौकातलं गादीचं दुकान जळालं. माणूस कुणी गेला नाही. होळीची झळ लागली म्हणतात. होळी रचणारा पोरगा आणून बसवलाय. निष्काळजीपणाचा गुन्हा घ्यायचाय. पंचनामा करा, जबाब घ्या, संध्याकाळी कागद माझ्यापुढं पाहिजेत."

"बरं साहेब."

"सरळ काम आहे."

शेषेरावांनी फोन ठेवला. सगळ्या नोकरीत सरळ म्हणावं असं एकच काम त्यांना भेटलं होतं, ते म्हणजे या गुडघ्याचं दुखणं. ते न चुकता रोज हजर होत असे.

ठाण्याच्या पायरीवर एक बाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. गवऱ्या थापून थापून बोटांची पेरं काळी पडलेली. ती कोंडाबाई. चौकातल्या होळीला गवऱ्या तिच्याच घरून जात.

"जमादार, मला पन धरा," ती उठत म्हणाली. "पाचशे गवऱ्या म्या दिल्या. मग म्या बी गुन्हेगार."

"बस गं बाई. सकाळीसकाळी कोणाला धरायचं बळ न्हाई माझ्यात."

"माझ्या पोराचं, संगमेशचं, एसटीत ड्रायव्हर म्हणून नाव लागलंय. पोलिसाचा दाखला तेवढा ऱ्हायला. तो कागद तुमच्याच टेबलात हाय म्हणं. आज गुन्हा लागला की त्या कागदाची चूलच पेटवायची का न्हाई, सांगा?"

शेषेराव आत वळले. कागद त्यांच्याच खणात होता. आठ दिवस झाले, सही राहिली होती. कंटाळा, दुसरं काही नाही. आता तो कंटाळा त्यांना टोचला.

आत बाकावर संगमेश बसला होता. पंचविशीचा, केसांत राख, पापण्या सुजलेल्या.

"होळी तूच रचलीस?"

"हाव."

"जागा बदलली का?"

"न्हाई सायेब. मधी खुणेचा दगड हाय. एरंड त्याच्यापाशीच रोवतात. माझा बाप रचायचा तवापासून तिथंच."

"यंदा मोठी केली म्हणतात."

"दोन बाभळीची खोडं जास्तीची व्हती. अण्णा मालकानं पाठवली. म्हणले, यंदा होळी दणक्यात झाली पायजे."

अण्णाराव म्हणजे चौकातले मंडप-डेकोरेशनवाले. होळी समितीचे अध्यक्ष. जळालेल्या दुकानाची इमारतही त्यांचीच.

"दुकानाच्या दारावर पाणी मारलं होतं?"

"मीच मारलं. दरसाल मारतो. रसूलचाचा दाराच्या फटी मातीनं लिंपतो, मी वरून ओली पोती टांगतो. कापसाचं दुकान हाय, सायेब. आमाला का समजत न्हाई?"

"मग पेटलं कसं?"

संगमेशनं मान खाली घातली. "तेच तर. रातभर तेच इचार करून राहिलो."

---

चौकात रंग खेळणारी पोरं होती, पण आरडाओरडा नव्हता. होळीची राख अजून कोमट होती. पलीकडे गुलाम रसूल नद्दाफ यांचं दुकान काळं तोंड करून उभं होतं. पत्रे वाकलेले. फळ्यांचं दार पोरांनी रात्री फोडलेलं, त्याच्या दोन फळ्या रस्त्यावर पालथ्या पडलेल्या. भिजून जळालेल्या कापसाचा वास नाकात बसत होता.

पायरीवर गुलाम रसूल बसले होते. पासष्टीचे, पांढरी दाढी, डोळे कोरडे. रोजा होता. घोटभर पाणी प्यायचीही सोय नव्हती.

"रसूलभाई, कधी बंद केलं दुकान?"

"मगरिबच्या आधी. सव्वासहाला. रोजा सोडायला घरी गेलो, तिथून तरावीला मशिदीत. नमाजीत उभा होतो साब, आणि बाहेरून कोणी तरी ओरडलं."

"कुलूप?"

"अजून लटकलंय बघा. पोरांनी फळ्या तोडल्या, कुलूप तसंच."

"आतली लाइट?"

याचं उत्तर आतून आलं. त्यांच्या बायको बेगमबी राखेतून शिवणाच्या सुया वेचत होत्या. "मेन मी पाडते. चाळीस वर्षं रोज. कापूस आणि करंट एका खोलीत झोपवायचे नसतात, जमादार."

शेषेरावांनी आत जाऊन पाहिलं. मेनचा खटका खाली होता. प्लास्टिक वितळून तो खालच्या खालीच चिकटला होता.

मग ते बाहेर आले आणि पावलं मोजू लागले. खुणेच्या दगडापासून दारापर्यंत दहा पावलं. मध्ये सहाव्या पावलावर जमिनीवर एक गोल दिसत होता. बायकांनी तांब्यानं पाण्याची धार सोडत होळीला फेरे घातले होते. पाणी वाळलं होतं, पण मातीवर त्याची कड उमटली होती. कडेला पुरणपोळीच्या नैवेद्याच्या पत्रावळी, सांडलेलं कुंकू, एका बाळाचा लाल मोजा.

सातव्या पावलावर, थोडी बाजूला, मल्लेशची टपरी. मल्लेश देगलूरकडचा. टपरीसमोर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या.

"या माळा काल होत्या इथं?"

"रोजच असतात सायेब. काढतो कोण?"

शेषेरावांनी एक पुडी बोटांत धरली. कड सरळ. प्लास्टिक ताठ. सुरकुती नाही.

"काल चौकात काय काय झालं? पहिल्यापासून सांग."

"काय झालं? सातला अण्णा मालकानं चौकातली लाइट बंद केली. होळी पेटवताना अंधार करतात, तुम्हाला ठाऊकच हाय. पूजा झाली, होळी पेटली, पोरांनी बोंब ठोकली. बायांचे पाच फेरे झाले. मग मालकानं चौकातल्या बोर्डावरचा खटका पुन्हा लावला. तो त्यांचा मान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तुझ्या टपरीची लाइट?"

"सणाला मालकाच्याच बोर्डावरून घेतो." मल्लेश हसला. "पण कालची लाइट म्हंजे उपकारच. परत आली तवा बलब पिवळा पडला, पंखा म्हाताऱ्यागत फिरून राहिला. आधी बरा पळत होता."

"आणि?"

"दहा-बारा मिनिटांनी सगळीच गेली. तवाच रसूलचाचाच्या पत्र्याखालून धूर दिसला. त्याच्या आधी उजेड पण दिसला व्हता. मला वाटलं, होळीचा पडलाय."

"धूर दिसल्यावर कोण कुठं धावलं?"

"संगमेश दाराकडं. आम्ही बादल्या घेऊन. मालक त्यांच्या गोदामात शिरले, दुकानाला लागूनच हाय ना. मंडपाचं कापड जळंल म्हणले. दोन कनाती काखेत घेऊन आले आणि पहिल्यांदा हात पाण्याच्या टिपात बुडवला."

"होळीतला नारळ यंदा कुणी काढला?"

"संगमेशनं. काठीनं. का?"

"सहज."

शेषेराव परत दारापाशी आले. रस्त्यावर पालथी पडलेली फळी त्यांनी पायानं उलटायला पाहिली. हलेना. शेवटी वाकावं लागलं. गुडघा कुरकुरला, तसे तेही कुरकुरले.

फळीची आतली बाजू जळून मगरीच्या पाठीसारखी तडकली होती. बाहेरच्या बाजूला पोतं अजून खिळ्यांना धरून होतं. पाठीमागून ते करपलं होतं. पण समोरच्या, होळीकडं तोंड असलेल्या बाजूवर निळी अक्षरं होती. शेषेरावांनी ती एकेक करून वाचली. त्यांना अक्षरं उशिरा आली. नांदेडजवळच्या वीटभट्टीवर आईबापाबरोबर विटा वाहताना अकराव्या वर्षी रात्रीच्या वर्गात पाटी हातात आली होती. तेव्हापासून समोर अक्षर आलं की ते पूर्ण वाचल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे.

*निव्वळ वजन ५० किलो.*

निळं ते निळंच होतं. एक मात्रा करपली नव्हती.

"भाबी," त्यांनी हाक मारली. "आत सगळ्यात जास्त कुठं जळलंय?"

बेगमबींनी मागच्या भिंतीकडं बोट केलं. ती भिंत अण्णारावांच्या गोदामाची. डोक्याच्या वर एक झरोका, दोन उभे गज, काच नाही. त्याच्या खाली भिंत तडकून पांढरी पडली होती.

"तिथं काय होतं?"

"कापसाचा ढीग. लग्नसराई आली ना, पार झरोक्यापर्यंत लावला होता. सत्तावीस गाद्यांचा. पोरीबाळींच्या आंदणाच्या गाद्या होत्या, जमादार. त्यांच्या आयांना मी आता काय तोंड दाखवू?" त्या थांबल्या. "आणि ढिगावर अण्णांचा गठ्ठा."

"कसला?"

"काळी मखमल. स्टेजच्या खुर्च्यांच्या गाद्या करायच्या म्हणून कालच दुपारी पाठवली. मी त्यांच्या माणसाला म्हटलं, खाली ठेव. तो म्हणाला, मालकानं वरच ठेवायला सांगितलंय, झरोक्यापाशी, उंदीर लागतील खाली. बरं वाटलं बघा. दोन वर्षं अण्णा दुकान खाली करा म्हणत होते, त्यांना तिथं मंगल कार्यालय बांधायचंय. आम्ही न्हाई म्हणत होतो. काल काम आलं तर मी यांना म्हटलं, चला, राग गेला वाटतं."

शेषेरावांनी एक मोडकी घडवंची ओढली, भिंतीला टेकवली आणि देवाचं नाव घेऊन वर चढले. झरोक्याचे दोन्ही गज गंजलेले, वर काजळी. पण डाव्या गजावर, पलीकडच्या बाजूनं, बोटभर जागेत गंज खरवडला गेला होता. तिथं काजळीखाली लोखंड चमकत होतं.

ते खाली उतरले, हात झटकले आणि अण्णारावांच्या दाराकडं निघाले.

---

अण्णारावांनी त्यांना चहा दिला. साठी ओलांडलेला भारदस्त माणूस, कपाळाला कालचा गुलाल. उजव्या तळहाताला पट्टी.

"हाताला काय झालं, अण्णा?"

"होळीतला नारळ काढताना भाजलं. वय झालं, पण हौस जात नाही."

"रसूलभाईचं वाईट झालं."

"फार वाईट. माझी पण मखमल गेली त्यात. पण देवाची झळ, शेषेराव. कुणाला दोष द्यायचा? पोरानं होळी जरा मोठी केली, एवढंच. त्याला जास्त त्रास देऊ नका."

"गोदाम बघू का? पंचनाम्यात शेजारची जागा पण लिहावी लागते."

"बघा की."

पंच म्हणून मल्लेशला बोलावलं. गोदामात कनाती, खुर्च्या, नवे एलईडी दिवे. वरच्या फळीवर जुने हॅलोजनचे मोठे फोकस, अडकवायच्या लोखंडी चापांसकट, ओळीनं ठेवलेले. नऊ होते.

"हे अजून ठेवलेत?"

अण्णारावांचा चेहरा क्षणभर मऊ झाला. "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घेतले होते. चार रात्री तिथं लावले मी, फुकट. ढिगाऱ्याखालून माणसं काढायला उजेड नको का? एकेक हजार वॉटचा. आता कोण लावतं हे? पाच-सहा वर्षं हात लावला नाही."

शेषेरावांनी फोकसांवरून बोट फिरवत नेलं. पहिल्यावर धूळ. दुसऱ्यावर धूळ आणि कोळिष्टक. तिसरा, चौथा, तसेच. सातव्यावर बोट थांबलं. बोटाला काही लागलं नाही.

"हा एक नेतो," ते म्हणाले. "चापासकट. शेजारचा एक पण, आणि त्या काळ्या मखमलीचा एक तुकडा. पंचनाम्यात लिही रे मल्लेश, तुझी सही लागेल. आणि अण्णा, चारला चौकात या. साहेब पण येतील."

"कशाला?"

"थोडं उन्हात बसू. माझा गुडघा शेकायचा हाय."

---

चार वाजता पिंपळपारावर साहेब खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की अर्धा तास, त्याहून जास्त नाही. संगमेशला आणलं होतं. कोंडाबाई त्याच्यामागं सावलीसारखी. गुलाम रसूल आणि बेगमबी पायरीवर. होळी खेळलेली पोरं, बाया, सगळे गोळा.

मधोमध एका पाटावर कापसाचे दोन ढीग. एकावर पांढरा कापूस तसाच. दुसऱ्यावर काळ्या मखमलीचा तुकडा, अण्णारावांच्याच गोदामातला. दोन्हीपासून वीतभर अंतरावर येतील असे दोन फोकस शेषेरावांनी घडवंचीला चापांनी अडकवले. बाजूला पाण्याची बादली. वायर मल्लेशच्या टपरीतून आली होती.

"लाव रे."

दिवे लागले. भर उन्हातही त्यांच्याकडं बघवेना.

"आता हे तापेपर्यंत मी बोलतो," शेषेराव म्हणाले. "उभं राहून बोलायची ताकद न्हाई, बसूनच बोलतो. संगमेशनं होळी मोठी केली. केली. तिची झळ दहा पावलांवरच्या दाराला लागली म्हणतात. आता मला सांगा, काल फेरे घालायला कोण होत्या?"

सात-आठ बाया पुढं आल्या.

"कुठून घातले?"

"इथून की," एकीनं पाण्याच्या गोलावर पाय ठेवला.

"झळ लागत होती?"

"लागत व्हती तर. गाल तापले. बाळाला पदराखाली घेतलं म्या."

"गाल भाजला?"

"भाजला असता तर थांबले असते व्हय?"

काहीजण हसले. शेषेराव हसले नाहीत.

"हा गोल सहा पावलांवर हाय. दार दहावर. मी भट्टीवर वाढलो. भट्टीच्या तोंडाशी वीतभरावर काटकी धरली तर आधी तिला घाम फुटतो, मग ती धूर सोडते, मग तो धूर पेटतो. तीच काटकी चार हात मागं धरा, दिवस मावळेपर्यंत धरा. कोमट होईल, बस. अंतर दुप्पट झालं की झळ निम्मी न्हाई, चौथाई होते. बाईचा गाल जी झळ सोसतो, ती झळ तिच्यामागं चार पावलांवरचं ओलं दार पेटवत न्हाई. पेटवायची असती तर आधी या बाया पेटल्या असत्या."

शेषेरावांनी टपरीकडं बोट केलं.

"दुसरं. झळीपुढं पातळ चीज आधी जाते, जाड नंतर. मल्लेशच्या शाम्पूच्या पुड्या सातव्या पावलावर लोंबत व्हत्या. एक पण आखडली न्हाई. तिसरं, हे पोतं. होळीकडची बाजू कोरी. अक्षरं वाचता येतात. भट्टीच्या वर्गात शिकलेला माणूस वाचू शकतो, म्हंजे कुणी पण वाचंल. पाठ मात्र जळाली. आग बाहेरून आत गेली न्हाई. आतून बाहेर आली."

"ठिणगी असंल," अण्णाराव म्हणाले. "फटीतून..."

"फटी मातीनं लिंपलेल्या. वर ओली पोती. ठिणगी पत्र्यावर पडली असती तर तिथंच मेली असती. आणि आतल्या लाइटीचा खटका भाबीनं पाडलेला. मग आत काय व्हतं? कापूस, कुलूप आणि अंधार."

"धूर! धूर!" एक बाई ओरडली.

सगळे वळले. पांढरा कापूस तसाच होता, कडेला थोडा पिवळसर. काळ्या मखमलीतून मात्र धुराची एक बारीक दोरी वर चालली होती.

"किती झालं मल्लेश?"

मल्लेशनं मोबाइल पाहिला. "पाच मिनिटं."

"पांढरं उजेड परत फेकतं. काळं पिऊन घेतं. म्हणून उन्हाळ्यात आपण काळं नेसत न्हाई. आता बघा, आम्ही काडी लावली न्हाई, रॉकेल टाकलं न्हाई. जाळ कुठंच न्हाई. नुसता उजेड हाय, वीतभरावर."

धूर जाड झाला. मखमलीच्या मध्यभागी एक लाल कड उमटली, गोल वाढत गेली. कोंडाबाई न सांगता पुढं झाली आणि चुलीला घालतात तसा तिनं पदरानं वारा घातला.

भक्कन जाळ झाला.

पोरं मागं सरली. शेषेरावांनी बादली उचलली आणि शांतपणे ओतली. चर्र आवाज झाला. मल्लेशनं खटका पाडला.

"अण्णा," शेषेराव म्हणाले. त्यांचा आवाज आणखी थकला होता. "नऊ फोकसांपैकी आठांवर पाच वर्षांची धूळ. एक तेवढा धुतलेला. तो हा. ह्याचा चाप झरोक्याच्या गजावर, जिथं गंज खरवडलाय, बरोब्बर बसतो. मी आणि मल्लेशनं दुपारी बसवून बघितला. त्याच्या तोंडापुढं वीतभरावर काय यावं, हे तुम्हीच ठरवलं. काळी मखमल. उंदरापासून वर ठेवा म्हणालात."

शेषेरावांची नजर चौकातल्या बोर्डाकडं वळली.

"पेटवायला तुम्हाला गोदामात जायची गरजच नव्हती. फोकसची वायर आधीच ओढून ठेवलेली, ती तुम्ही लाइट बंद केल्यावर अंधारात चौकाच्या बोर्डाला जोडली. खटका खाली, म्हणून तो पण बंद. फेरे झाले, तुम्ही खटका लावला, गावानं टाळ्या वाजवल्या. हजार वॉट जास्तीचे चढले म्हणून मल्लेशचा पंखा म्हातारा झाला. शंभर माणसांसमोर तुम्ही दुकान पेटवलं, अण्णा, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या."

साहेब खुर्चीत पुढं सरकले होते.

"दहा-बारा मिनिटांनी जाळ वायरीला लागला, लाइट गेली. सगळे दाराकडं पळाले, तुम्ही गोदामाकडं. तापलेला फोकस उपसला, कनातीत गुंडाळला. हात भाजला. मला म्हणालात, नारळ काढताना भाजलं. नारळ संगमेशनं काढला, काठीनं. आणि ती दोन जास्तीची खोडं. झळ लागली हे लोकांना पटावं म्हणून तुम्हीच पाठवली."

अण्णारावांनी पट्टीच्या हाताकडं पाहिलं. मग गुलाम रसूल यांच्याकडं. त्यांचा भारदस्तपणा अंगावरून उपरण्यासारखा घसरला.

"मला कुणाला जाळायचं नव्हतं," ते म्हणाले. "आत माणूस नाही हे बघूनच केलं. रोजे चालू आहेत, सहाला दुकान बंद होतं, मला ठाऊक होतं. देवाच्या नावावर खपलं असतं. कुणालाच काही झालं नसतं."

"मला झालं असतं," संगमेश हळूच म्हणाला.

गुलाम रसूल उठले. पायरी उतरायला त्यांना वेळ लागला. सगळ्यांना वाटलं, हात उचलतील. ते फोकसपाशी गेले, त्याची काच अजून तापलेली होती.

"हे दिवे घेऊन तुम्ही किल्लारीला गेलात, तेव्हा मी पण होतो अण्णा. ट्रकमध्ये तुमच्याशेजारी. शंभर गाद्या आणल्या होत्या. एक म्हातारी जिवंत निघाली, आठवतं का? उजेड तुमचा होता, गादी माझी होती."

अण्णारावांनी डोळे मिटले. साहेबांनी शिपायाला खूण केली.

---

दिवस कलल्यावर ठाण्यात शेषेरावांनी खण उघडला. एसटीच्या पडताळणीचा कागद बाहेर काढला आणि चष्मा पुसला. समोर संगमेश उभा होता, दारात कोंडाबाई.

"उद्यापासून काय करणार, नोकरी लागेस्तोवर?"

"चाचाचे पत्रे बसवायचे हायत. चौकातली पोरं येणार हायत."

"आणि म्या शेण गोळा करणार," कोंडाबाई म्हणाली. "पुढल्या होळीला पन गवऱ्या लागतीलच की."

शेषेरावांनी पेन टेकवलं. घाईनं लिहिणं त्यांना कधी जमलं नाही. रेघ धरून, एकेक अक्षर उभं करत त्यांनी लिहिलं: *सदर इसमावर कोणताही गुन्हा दाखल नाही. वर्तणूक चांगली.*

मग सही केली, तारीख टाकली आणि पूर्ण ओळ पुन्हा एकदा वाचून काढली. बाहेर मगरिबची बांग झाली. आता रसूलभाई पाणी पीत असतील, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कागद संगमेशच्या हातात दिला आणि टेबलाखाली हळूच गुडघा चोळला.